सवय सुटते कशाने, लागते कशाने? बडोदेकरांनो, लिहा

रावपुरा_रोड

नमस्कार मंडळी,

बाबा मार्चअखेर रिटायर झाले. नोकरी होती तोवर त्यांचा तंबाखूचा मसाला (सुपारी, चुना, तंबाखू एकत्र चोळलेला) जेवणानंतर आणि घरी परतताना, एवढाच असायचा. आता सकाळचा चहा झाला की ते कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, जातात. जुने मित्र भेटतात, क्रिकेट निघतं, राजकारण निघतं आणि गप्पांबरोबर मसाला चोळला जातो. दुपारी एक फेरी, सांजेला आणखी एक. सोडायचं बाबांनी स्वतःहून मनावर घेतलंय, आम्ही कोणी मागे लागलेलो नाही. पण सकाळी केलेला निश्चय गल्ल्यापर्यंत टिकतो आणि तिथे गेलं की संपतो.

मला स्वतःला रोज सकाळी कमाटीबागेत चालायला जायची सवय लावून घ्यायची आहे. म्हणजे एकाच घरात एकाला सोडायचं आहे आणि दुसरीला लावायचं आहे.

नेटवर बघावं तिथे '२१ दिवस करा, सवय लागतेच'. घरातली मोठी माणसं म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मला दोन्ही पटत नाही. ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांना या विषयातलं कळतं, त्यांनी नीट सविस्तर लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

मांजलपूरची_मावशी

धागा काढलास हे फार छान केलंस. आमच्याकडे 'हे' मसाला खायचे, आता खात नाहीत. तेव्हा मी काय करायचे ते सांगते. वरियाळी, म्हणजे बडीशेप, लिंबाच्या रसात, मीठ-हळद घालून थोडा वेळ मुरवायची आणि मंद आचेवर कुरकुरीत भाजायची. त्यात धाणादाळ आणि भाजलेले तीळ. सुपारी अजिबात नाही, साखरेच्या रंगीत गोळ्याही नाहीत. एक छोटी डबी शर्टाच्या खिशात. मसाल्याची डबी ज्या खिशात असायची त्याच खिशात हं! हात सवयीने तिथेच जातो, तेव्हा त्याला तिथे काहीतरी मिळायला हवं.

विश्वामित्री

२१ दिवसांचं मूळ सांगतो, कारण या आकड्याने लोक विनाकारण निराश होतात.

मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. नाकाची वगैरे शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णाला साधारण २१ दिवस तरी लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६० साली त्यांनी ते लिहिलं. त्यातलं 'तरी' पुढे गळून गेलं, चेहरा गेला, आणि उरलं ते '२१ दिवसांत कुठलीही सवय'.

प्रत्यक्ष मोजदाद नंतर झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना स्वतःच्या आवडीची एक साधी गोष्ट निवडायला सांगितली: जेवताना फळ खायचं, पाणी प्यायचं, संध्याकाळच्या जेवणाआधी पळायचं, अशा प्रकारची. रोज ती एकाच प्रसंगाला जोडून करायची. हे १२ आठवडे चाललं. न आठवता, आपोआप व्हायला लागलेला काळ मधल्या माणसाचा ६६ दिवस निघाला. पण कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाचा पुढचा अंदाज धरून केलेला हिशेब २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

ताई, तुमच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एखादा दिवस चुकला म्हणून आधीचं वाया जात नाही, असं त्याच अभ्यासात दिसलं. आणि सगळा भर 'कशानंतर' यावर आहे. 'उद्यापासून चालेन' यात सवय कशाला धरून वाढणार? 'दूधवाला येऊन गेला की बूट घालेन' म्हटलं की तिला रोजचा आधार मिळतो.

रावपुरा_रोड

दूधवाला आमच्याकडे पावणेसहाला येतो. चालेल, हेच धरते.

दंतवैद्य_बडोदा

मी दातांचा डॉक्टर आहे आणि माझ्या खुर्चीत रोज मसाला खाणारे बसतात, म्हणून जरा मोठं लिहितो.

पहिली गोष्ट. तंबाखूत सवय असते आणि शिवाय निकोटिनही असतं. चालायची सवय मोडली तर शरीर चिडत नाही, निकोटिन बंद केलं तर चिडतं. शेवटच्या मसाल्यानंतर काही तासांत चुळबुळ सुरू होते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, डोकं जड, झोप मोडते, भूक वाढते, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जातं. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावं. त्या आठवड्यात बाबा एखाद्या शब्दावरून तडकले तर ते निकोटिन कमी पडल्यामुळे, तुमच्यावर राग म्हणून नव्हे.

तलफ आली की ती वाढतच जाईल असं वाटतं. तसं होत नाही. काही मिनिटांत ती शिखराला जाते आणि उतरते. तेवढी मिनिटं घालवण्याचं काम आधी ठरलेलं असावं: चूळ भरणं, पाणी घोट-घोट पिणं, अंगणात चक्कर, कोणाला तरी फोन. तलफ आल्यावर विचार करायला बसलं तर उत्तर मसालाच निघतं.

दुसरी गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. अनेक जण तंबाखू सोडून 'नुसती सुपारी' किंवा साधा पानमसाला धरतात आणि सुटलो असं समजतात. कृपया असं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखूविनाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होतं, तो आजार मुख्यतः सुपारीचा. घरच्या घरी बघायचं असेल तर स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच दाखवा. मावशींनी डबीतून सुपारी काढली ते अगदी योग्य केलं.

तिसरं, मदत घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवरच्या इशाऱ्यात छापलेला असतो. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातही विचारता येईल. निकोटिनची च्युइंगगम मिळते, ती कशी वापरायची ते कोणी विचारलं तर वेगळं लिहीन.

फत्तेगंज_हॉस्टेल

मी एम. एस. युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकतो. काका-मावशींच्या मध्ये बोलतोय, चालेल ना?

आम्हाला शिकवलेला एक अभ्यास इथे चपखल बसतो. अमेरिकेत वेंडी वुड यांनी एका विद्यापीठातून दुसरीकडे बदली घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सवयी पाहिल्या: व्यायाम, वर्तमानपत्र, टीव्ही. नव्या ठिकाणीही आजूबाजूची मांडणी जुन्यासारखीच होती, तिथे जुनी सवय टिकली. मांडणी बदलली तिथे ती तुटली आणि माणूस पुन्हा स्वतःच्या इच्छेने ठरवू लागला.

काकांची रिटायरमेंट ही तशीच मांडणी बदलण्याची वेळ आहे. ऑफिस गेलं, वेळापत्रक गेलं, आणि रिकामी झालेली जागा गल्ल्याने घेतली. अजून फार दिवस झालेले नाहीत, म्हणजे ती जागा अजून पक्की झालेली नसणार. सकाळच्या चहानंतरचा तास दुसऱ्या कशानेतरी भरला, तर पुढचं खूप सोपं जाईल असं मला मनापासून वाटतं.

आखाडा

सगळ्यांचं वाचलं. दिवस, वेळ, डबी, सगळं ठीक. पण खरी गोष्ट संगत. ती कोणीच बोललं नाही.

आमची पिढी आखाड्यात वाढली. जुम्मादादांची व्यायामशाळा १८८० सालची, पुढे प्रोफेसर माणिकराव यांनी ती कुठल्या कुठे नेली. मल्लखांब, लाठी, कुस्ती. लहानपणी आम्हाला कोणी 'निश्चय करा' असं सांगितलं नाही. शेजारचा मुलगा हाक मारायचा, आम्ही लंगोट घेऊन निघायचो. एक दिवस नाही गेलो तर वस्ताद दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर विचारायचे, काल कुठे होतास? त्या एका प्रश्नासाठी पाय घरात राहत नसत. अजूनही मी पहाटे उठून सूर्यनमस्कार घालतो, आणि अजूनही बरोबर दोघे-तिघे लागतातच.

तुझ्या बाबांना गल्ल्यावर काय मिळतं? मसाला कुठेही मिळतो. तिथे मित्र मिळतात. तू मसाला काढून घेशील तर मित्रही जातील, आणि रिटायर झालेल्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून मित्र राहू देत, जागा बदल. गल्ल्यावरच्या दोघांना तरी सकाळी बागेत ओढायचं.

मांजलपूरची_मावशी

+१. आमच्या ह्यांचंही शेजारच्या भाईंबरोबरच सुटलं. दोघांनी एकत्र सोडलं.

अलकापुरीकर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. जागा बदला, डबी बदला, संगत बदला, हे सगळं बाहेरचं झालं. माणसाच्या मनाचा निग्रह म्हणून काही आहे की नाही? माझ्या वडिलांनी विडी एका दिवसात टाकली, पुन्हा हात लावला नाही. डबी नव्हती की हेल्पलाइन नव्हती. सगळं सोयीने व्हायला लागलं तर मन घडणार कधी?

विश्वामित्री

अलकापुरीकर, तुमच्या वडिलांना मनापासून नमस्कार. अशी माणसं असतात आणि त्यांच्याविषयी आदरच आहे. पण निग्रह कुठे खर्च करायचा हा प्रश्न उरतोच. गल्ल्यावर उभं राहून, मित्राने हात पुढे केल्यावर नाही म्हणायला जेवढा निग्रह लागतो, त्याच्या कितीतरी कमी निग्रहात सकाळी घरातून निघून डावीकडे न वळता उजवीकडे वळता येतं. निग्रह दोन्हीकडे आहे.

आणि बाहेरची सोय केल्याने मन घडत नाही, हे तर बडोद्यात राहून म्हणताच येणार नाही. या शहरात एका राजाने अख्ख्या राज्याला सवय लावून दाखवली आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. आधी थोड्या गावांत करून पाहिलं, मग १९०६ मध्ये साऱ्या राज्यात लागू केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड होता. पण महाराज तिथे थांबले नाहीत, आणि मला स्वतःला पुढचा भाग जास्त मोठा वाटतो. शाळा सुटल्यावर मुलाच्या हातात पुस्तकच आलं नाही तर शिकलेली अक्षरं काही वर्षांत पुसून जातात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, गावोगाव वाचनालयं काढली. आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या. पेटी गावात यायची, लोक वाचायचे, पेटी परत जायची, दुसरी यायची. गावकऱ्याला त्याचं भाडं पडत नसे.

वाचायची गोडी लागावी म्हणून महाराजांना भाषण करता आलं असतं. त्यांनी पुस्तक माणसाच्या दारात नेऊन ठेवलं. ज्याची सवय लागायला हवी ते हाताशी आणायचं, ज्याची सुटायला हवी ते हातापासून लांब न्यायचं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी जातो तेव्हा हाच विचार मनात असतो.

अलकापुरीकर

निग्रह आधीच, कमी खर्चात वापरायचा, हे पटलं. पेट्यांची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आभारी आहे.

अकोट्याची_आई

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण याच धाग्यातला. मुलगा दहावीत. रात्री अंथरुणात मोबाइल, मग सकाळी उठवत नाही. काढून घेतला की रडारड आणि अबोला. काय करावं?

फत्तेगंज_हॉस्टेल

काकू, फक्त त्याचा काढून घेतला तर तो शिक्षा समजेल. सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये एका ठिकाणी चार्जिंगला लावायचा नियम करून बघा, तुमचा आणि काकांचाही. गजराला साधं घड्याळ आणा, नाहीतर गजरासाठी म्हणून फोन परत खोलीत येतो. आणि त्या वेळेला दुसरं काहीतरी ठेवा. मी दहावीत असताना आई रात्री गोष्टी वाचून दाखवायची, एवढा मोठा असून मला ते आवडायचं.

अकोट्याची_आई

ह्यांचा फोन हॉलमध्ये ठेवणं हे मोठं काम आहे, पण बरोबर बोललास रे. आजच बोलते.

रावपुरा_रोड

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! काल बाबांना सगळं वाचून दाखवलं. आखाडा काकांचं संगतीचं वाचलं तेव्हा ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय." मग त्यांनी स्वतः कागद घेऊन कधी-कधी मसाला लागतो ते लिहिलं: सकाळच्या चहानंतर, जेवणानंतर, दुपारी झोप येऊ लागली की, आणि कोणाची वाट बघत उभं राहिलं की. शेवटचं त्यांना स्वतःलाच नवीन होतं. मावशी, डबी भरून ठेवली आहे. सकाळी माझ्याबरोबर बागेत येणार आहेत, आणि त्यांचे एक मित्रही तयार झालेत.

एक शंका. पुढे नवरात्र आहे. गरब्याहून यायला मध्यरात्र होते, पावणेसहाला उठणं नऊ दिवस अशक्य. घडी बसत असताना मोडेल का?

आखाडा

गरबा सोडू नकोस! बडोद्यात राहून नवरात्रात घरात बसणार का? त्या नऊ दिवसांत चालणं संध्याकाळी ने, अगदी सोसायटीत चार चकरा झाल्या तरी पुरे. दसऱ्याला फाफडा-जलेबी खा, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाला येऊन गेला की बूट. ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. सण कधीच घात करत नाही. सणानंतर कधी सुरू करायचं हे ठरलेलं नसलं, की मग दिवाळी येते, मग उत्तरायण येतं.

बाबांच्या बाबतीत मात्र उलटं. सणात मित्र जमतात, आग्रह होतो. त्यांनी काय उत्तर द्यायचं ते आधी घरी बोलून घ्या. "डॉक्टरांनी बंद केलंय" एवढं वाक्य पुरतं, त्यावर कोणी वाद घालत नाही.

दंतवैद्य_बडोदा

आणि ते खरं व्हावं म्हणून आधी तोंड तपासून घ्या!

वाघोडिया_रोड

वाचतोय बरेच दिवस. डॉक्टर, च्युइंगगमबद्दल लिहाल का? मी स्वतः विचार करतोय. आणि गुजरातेत २०१२ पासून गुटखाबंदी आहे ना, मग मिळतं कसं सगळीकडे?

दंतवैद्य_बडोदा

बंदी तयार गुटख्यावर आहे. म्हणून पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकतात, खाणारा हातावर एकत्र करतो. तोंडाला फरक पडत नाही.

च्युइंगगम: २ मिलिग्रॅमची दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. नेहमीच्या च्युइंगगमसारखी सतत चावू नये, ही सर्वांत सामान्य गफलत. हळूहळू चावा, तोंडात चुरचुर किंवा तिखटपणा जाणवला की चावणं थांबवून गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुरचुर गेली की पुन्हा चावा. साधारण अर्धा तास चालते. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषलं जातं. भराभर चावून गिळलं तर मळमळ, उचकी, पोटात आग. आधी पंधरा मिनिटं आणि चावताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको, त्याने शोषण कमी होतं. चहानंतर लगेच गम, हे आपल्याकडे सर्रास होतं.

तोंड कमी उघडत असेल किंवा जबडा दुखत असेल तर गमऐवजी त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल डॉक्टरांशी बोला. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, किंवा गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. गम हळूहळू कमी करत काही आठवड्यांनी बंद करायची असते.

धागा सवयींचा आहे म्हणून एक सांगून ठेवतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. तंबाखू अचानक सोडल्याने त्रास होतो, जीवाला धोका नसतो. दारू अचानक सुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. दारूबंदीच्या राज्यात लोक हे बोलायला लाजतात आणि उपचारांना उशीर करतात. डॉक्टरांना निर्धास्त सांगा, त्यांना बरं करण्यात रस असतो.

वाघोडिया_रोड

खूप आभार. हेल्पलाइनला उद्या फोन करतो.

अकोट्याची_आई

फोन हॉलमध्ये यायला लागले आहेत. ह्यांचाही. मुलगा पहिल्या रात्री कुरकुरला, मग स्वतःच विचारलं, वाचायला काही आहे का?

विश्वामित्री, तुमच्या पेट्यांवरून सोसायटीत बोलणं झालं. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक कपाट ठेवतोय, कुलूप नाही, नोंदवही नाही. मराठी, गुजराती, इंग्रजी, जे असेल ते. मुलं लिफ्टची वाट बघत उभी राहतात, तेव्हा सहज हात जावा म्हणून तिथेच. कोणाकडे कुमारवयाच्या मुलांसाठी गोष्टी, प्रवासवर्णनं, विज्ञानाची पुस्तकं असतील तर कळवा.

विश्वामित्री

माझ्याकडे पिशवीभर निघतील. एक सुचवू का? सगळी एकदम लावू नका. थोडी ठेवा आणि दर महिन्याला बदला.

मांजलपूरची_मावशी

माझ्याकडे माझ्या मुलांचे जुने दिवाळी अंक आहेत, मुलांचे. शनिवारी आणून देऊ? आणि रावपुरा ताई, बाबांना विचार, वरियाळीत लिंबू जास्त हवं की कमी. पुढची डबी मी भरून देते.